पणजीच्या माहेरी

वंशावळ जुळवता जुळवता मी पणजीपर्यंत पोचलो आणि अडलो. तिचं नाव सरस्वती आणि माहेर आर्णीजवळच्या एका खेड्यात, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. म्हणून एका सकाळी त्या गावी गेलो आणि दिसेल त्याला विचारत सुटलो. सरस्वती नावाची लेक कुणालाच आठवेना.

बसथांब्यासमोर ओट्यावर एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. तिलाही विचारलं. फोलपटं फुंकून ती हसली.

"हे नाव तिले सासरी ठेवलं असन ना रे बाप्पा! लग्नात नाव बदलवते. मंग माहेरात कोणाले मालूम राह्यते?"

माझ्या आईचंही नाव लग्नात बदललेलं, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तिचं पहिलं नाव कोण सांगेल?"

"तिच्यासंगं खेळलेल्या पोरी. त्या कवाच्याच गेल्या." सूप मांडीवर टेकवून ती थांबली. "मी इथली सून. मलेही माह्या पहिल्या नावानं हाक मारणारं आता कोणी नाही."

"तुमचं काय होतं?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि हळूच सांगितलं. मग पुन्हा खाली मान घालून पाखडायला लागली.

बस आली. पणजीचं नाव मिळालं नव्हतंच. पायरीवरून मी वळलो आणि तिनं हळूच सांगितलेल्या नावाला आजी जोडून जोरात हाक मारली.

वर बघायच्या आधीच तिनं खणखणीत "ओ" दिली.