भाचीची उंची, दोन दशांश स्थळांपर्यंत

माझ्या भाचीच्या बायोडेटावर उंची लिहिली होती १५७.४८ सेंटीमीटर. मी पांडेसऱ्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलची प्रयोगशाळा सांभाळते. कोणत्या काट्यावरचा आकडा किती अंकांपर्यंत खरा मानायचा, हे ठरवणं माझं रोजचं काम. त्यामुळे बायोडेटा पाहताच मी गोडादऱ्याला भावाकडे फोन लावला.

"मोजली कुणी? आणि कशानं?"

"मोजायची कशाला, ताई? पाच फूट दोन इंच आहे. वधूवर मंडळाला सेंटीमीटर हवे होते, मोबाइलवर गुणाकार केला."

"आणि पाच-दोन कुणी मोजली?"

मागून वहिनीचा आवाज आला, "माझ्या बहिणीएवढी दिसते. ती पाच-दोन आहे."

म्हणजे मोजण्याचं साधन होतं मावशी. त्या साधनाची अचूकता फार तर दोन बोटं, आणि उत्तरात मात्र मिलिमीटरचा दहावा भाग. सार्थक अंकांचा नियम साधा आहे: साधनाला जेवढं ठाऊक, तेवढेच अंक लिहायचे. गुणाकारानं एकक बदलतं, माहिती वाढत नाही.

"'साधारण एकशे सत्तावन्न' असं लिही," मी म्हटलं.

"साधारण लिहिलं तर लोक म्हणतील, काहीतरी लपवताहेत."

बायोडेटा तसाच गेला आणि कामरेजच्या एका घराला पसंत पडला. मुलाच्या आईची एकच अट होती: मुलगा उंच आहे, सून एकशे सत्तावन्नच्या खाली नको. भाची त्या मुलाशी फोनवर बोलली. आधीच्या सगळ्या स्थळांना जांभई देत नाही म्हणणारी ती मुलगी मला म्हणाली, "आत्या, हे मोडू देऊ नकोस."

रविवारी पाहुणे आले. पोहे झाल्यावर मुलाची आई उठली, भाचीला खेटून उभी राहिली आणि हाताचा पंजा दोघींच्या डोक्यांवरून फिरवला.

"मी एकशे सत्तावन्न. ही माझ्यापेक्षा बोटभर कमी. पॉइंट अठ्ठेचाळीस राहू द्या, त्याच्या आधीचं बोला."

भावाला एकदम रिकाम्या बशीत काहीतरी दिसू लागलं. "सकाळी जास्त भरते हो," वहिनी म्हणाली. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे, संध्याकाळपर्यंत माणूस थोडा आखडतो. पण त्या खोलीत ते शुद्ध बहाणा वाटलं.

माझ्या पर्समध्ये टेप असतो. टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सपाट पुस्तक, पेन्सिलची खूण. भाचीला तीनदा मोजलं. आकडे आले १५६, १५५.५ आणि १५६.५.

"एकशे छप्पन," मी जाहीर केलं. "अर्धा इकडे-तिकडे."

"म्हणजे खोटंच लिहिलं होतं," मुलाची आई म्हणाली.

"खोटं नाही, जास्तीचे अंक लिहिले. तुमच्याही बायोडेटात आहेत. मुलगा १८२.८८. बरोबर सहा फूट."

पुरुषांच्या बाबतीत सहा फूट हे माप नसतं, पदवी असते. मुलाच्या वडिलांनी खाकरून घेतलं. मुलगा मात्र हसत उठला, "ते पप्पांनी लिहिलंय, काकू," आणि स्वतःच भिंतीला टेकला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

मग भाचीनं मुलाच्या आईला अगदी गोड आवाजात विचारलं, "काकू, तुम्ही येता?"

"जा की," मुलाचे वडील म्हणाले. आता त्यांना कंपनी हवी होती.

बाई उभ्या राहिल्या. पुस्तक अंबाड्यावर अडलं. अंबाडा सोडला तेव्हा एकशे पंचावन्न भरले. त्यांनी आणखी दोनदा मोजायला लावलं. टेपनं भीड ठेवली नाही.

"म्हणजे ही माझ्याहून उंच?" त्यांनी मला विचारलं.

दोन्ही मापांत अर्धा सेंटीमीटर इकडे-तिकडे धरला, तर एका सेंटीमीटरचा फरक आहे की नाही, हेच छातीठोक सांगता येत नाही. मिलमध्ये असा निष्कर्ष मी कुणाला लिहू दिला नसता. भाची माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "स्पष्टच दिसतंय."

बाईंनी अंबाडा पुन्हा बांधला, पिना नीट खोचल्या आणि भावाकडे वळल्या.

"लग्नपत्रिकेत उंची छापत नाहीत ना? मग भाऊ, तारखेचं बोला."