काकूंना समजल्याशिवाय परीक्षा नाही

आमच्या ह्यांना जाऊन महिना होत आला, पण त्यांचे विद्यार्थी काही माझ्या स्वयंपाकघरातून हटत नाहीत. देवा, माणूस नेलास, निदान त्याची खोड तरी सोबत न्यायचीस!

खोड अशी. हे पुलांच्या इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. दोन बॅगा आणि मला घेऊन या परक्या देशात आले आणि पहिल्याच विद्यार्थ्यापासून नियम काढला: तोंडी परीक्षेआधी घरी येऊन आपलं काम मला समजावून सांगायचं. मला! जिची मजल पाढ्यांपलीकडे गेली नाही. "तिला कळलं नाही, तर तुम्हालाच कळलेलं नाही," म्हणायचे. पोरं कुठल्या कुठल्या देशांतली, पण ह्यांनी सगळ्यांना 'काकू' म्हणायला शिकवलेलं. मी जपमाळ हातात घ्यावी, की दारात कुणीतरी उभं. लोखंड थकतं म्हणे. माझी चौकशी कुणी केली नाही.

एकदा एका रडवेल्या मुलाची दया येऊन मी "समजलं हो" म्हणाले, तर हे लगेच आतून आले. "छान. काय समजलं ते सांग." मी भांडी घासायला लागले. मुलगा पुन्हा कामाला जुंपला गेला. आज तोही प्राध्यापक आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या बायकोसमोर बसवतो. तिने फोन करून मला चार शब्द सुनावले.

काल ह्यांची शेवटची विद्यार्थिनी आली. आज तिची परीक्षा. नव्या मार्गदर्शकांची सही झालीय, नोकरी ठरलीय, आईवडील विमानात बसलेत.

"काकू, सरांनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, आधी काकूंकडे जा. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"बोल बाई."

पोलादी तुळईला तडा गेला, तर तो जिथे संपतो तिथे भोक पाडायचं, म्हणजे तो थांबतो, असं काहीसं ती सांगू लागली.

"आधीच फुटलंय, त्यात आणखी भोक? हे कुठलं शहाणपण गं?"

त्यावर तिने सूत्रांचा मारा सुरू केला. 'हो' म्हणायला माझं काय जात होतं? देव्हाऱ्याकडे पाठ करूनसुद्धा बसले, पण तो शब्द तोंडातून निघेना.

"नाही समजलं."

"काकू, सर आता विचारायला येणार नाहीत!"

"तेच तर. ते असते तर 'हो' म्हणून पुढचं त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले असते."

दार आपटून गेली. मी ह्यांच्या फोटोसमोर जाऊन म्हटलं, "तुम्ही सुटलात, वाईटपणा तेवढा माझ्या गळ्यात!"

आज सकाळी पूजा आटोपते न आटोपते तोच पुन्हा हजर. डोळे सुजलेले, हातात जाड कागदाच्या दोन पट्ट्या. दोन्हींना कडेपासून कात्रीचा काप. एकीच्या कापाच्या टोकाशी गोल भोक.

"ओढा."

पहिली टर्रकन फाटली. दुसरी भोकापाशी अडली ती अडलीच.

"तड्याचं टोक सुईसारखं असतं, काकू. सगळा ताण त्या टोकावर, म्हणून तो पुढे पळतो. भोक पाडलं की टोकच उरत नाही, ताण गोलभर वाटला जातो."

"मग भोक केवढं पाडायचं?"

"तोच तर माझा प्रबंध!" ती जवळजवळ ओरडलीच. "लहान पडलं तर तडा पुढे सरकतो, मोठं पडलं तर तुळईच लेचीपेची होते. मधलं माप मी काढलंय."

"मग काल हे सांगायला काय झालं होतं?"

"काल मलाच..." म्हणाली आणि हसायला लागली.

"समजलं मला. जा, परीक्षा दे."

पाणीसुद्धा न पिता, चप्पल अर्धवट अडकवून पळाली. कागद तसेच माझ्या ओट्यावर. ह्यांच्याच तालमीतली, पसारा उचलणं माहीत नाही! फाटकी पट्टी केरात टाकली. दुसरी टाकायच्या आधी पुन्हा एकदा जोर लावून ओढून पाहिली. नाही फाटली.