बाबाची उजवी बाजू

पत्नी गेल्याच्या अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मला नागीण झाल्याचे सांगितले.

दुखणे चार दिवस आधीच सुरू झाले होते. क्रियेच्या वेळी जानवे उजव्या खांद्यावरून डाव्या बरगडीवर येते. तिथे आग होई. दोरा घासत असेल असे समजून मी गप्प राहिलो. सुतकात स्वतःच्या अंगाचे काय सांगायचे? असे कुणी करू नये. एकाच बाजूला आग होऊ लागली, की फोडांची वाट न पाहता दाखवावे.

डॉक्टर म्हणाले, "हर्पिस झोस्टर." त्वचेचा स्पर्श कळवणारी शीर सुजते आणि तिच्या वाटेवर फोड उठतात.

पत्नीच्या आजारपणात जयगडहून आलेली माझी आत्या घरीच राहिली होती. फोडांच्या दोन्ही टोकांना ती रोज गेरूची रेघ ओढी. "नागिणीचं तोंड नि शेपूट जुळली की माणूस संपलं हो!"

डॉक्टर हसले. "आत्याबाई, ही मणक्यापलीकडे जात नाही."

"तुमच्या पुस्तकात असेल तसं. तिला कुठे वाचता येतं?" आणि आत्याने रेघ ओढलीच.

तीन आठवड्यांत खपल्या गळल्या. आग राहिली. सदरा सोसवेना. खाडीवरचा वारा लागला तरी अंग आक्रसे, म्हणून खिडकी लावली. मग दार. शाळेची रजा वाढवली. पुस्तक उघडून बसे. पान तेच राही.

डॉक्टर म्हणाले, "न्यूराल्जिया. फोड गेले, पण शीर होरपळली आहे. महिने लागतील, कदाचित वर्षे."

माझी चार वर्षांची यमू दार ढकलून डोकावे. आत्या ओरडे, "नको गो, बाबाला शिवू नको!" पुढे ती येईनाशी झाली. एका दुपारी मीच हाक मारली. ती उंबऱ्यावरच थांबली.

"आत्या आईला पण शिवू नको म्हणायची. तुम्ही कधी जाणार?"

मी सरकून जागा केली. तिला उजवीकडे बसवले. तिने माझ्या दंडाला बोट लावले.

"इथे?"

"चालेल."

"इथे?"

"चालेल."

"इथे?"

"तिथे नको."

ती उठली, आत्याची गेरूची वाटी घेऊन आली आणि माझ्या छातीच्या मधोमध तिने एक वाकडी रेघ ओढली. आत्या दारातून पाहत होती.

याला दोन वर्षे झाली. मी सदरा घालतो, शाळेत जातो. डाव्या बरगडीखाली आग आहे. यमू उजवीकडे झोपते.