चेंबरचा नट

आमच्या मामांना सैल नट दिसला की अन्न गोड लागत नसे. मामा म्हणजे माझे सासरे, येरमाळ्याचे शेतकरी. कोपरीच्या खिशात तंबाखूच्या जोडीला कायम एक पाना. येडेश्वरीच्या दर्शनाच्या रांगेतही त्यांनी कठड्याचा हलणारा बोल्ट आवळला होता. मुलगी बघायला मी गेलो, तेव्हा मला पाहण्याआधी त्यांनी माझ्या मोटारसायकलचा आरसा पाहिला, पान्यानं घट्ट केला आणि मगच म्हणाले, "या पाव्हणं, बसा."

त्यांचा एक ठरलेला मंत्र होता: "एक आटा जास्त." पुरेसं आवळून झालं की वर आणखी एक पिळा. त्यांची जुनी जीप या मंत्रावर वीस-बावीस वर्षं चालली, म्हणून कुणी वादही घालत नसे. जीप तशीच होती, लोखंडी आणि सोशिक.

मी नवी एसयूव्ही घेतली आणि मला स्वतः ऑइल बदलायची हौस सुटली. व्हिडिओ पाहून सगळं सामान आणलं. धाराशिवला आमच्या पार्किंगमध्ये जागा नाही, म्हणून मामांच्या अंगणात गाडी लावली. मी गाडीखाली सरकणार तोच मामांनी माझा दंड धरला. "जावई गाडीखाली निजणार? माझ्या दारात? गाव काय म्हणंल मला!" मी विनवण्या केल्या, पण जावयाचे कपडे काळे होणं त्यांच्या लेखी अब्रूचा प्रश्न होता. खांदा दुखत असतानाही ते पोत्यावर आडवे होऊन आत गेले, आणि मी खुर्चीवर बसून चहा प्यालो. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू?

जुनं ऑइल निघालं, फिल्टर बदलला. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट लावायची वेळ आली तेव्हा मी माझा नवा पाना पुढं केला. ठरावीक जोर लागला की तो टक् असा आवाज करतो. "टक् झालं की थांबायचं, मामा. या गाडीचं चेंबर ॲल्युमिनियमचं आहे."

"त्याला काय कळतंय? हाताला कळतंय," खालून आवाज आला, आणि त्यांनी स्वतःचा पाना लावला. टक् व्हायचं होतं तिथवर नट आला असणार. मग मंत्र आला. पुढं तो नट नुसता फिरत राहिला.

मामा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "आटं गेलं, पाव्हणं. चेंबर बाद केलं म्या."

मी हसून म्हणालो, "काही हरकत नाही, मामा. होतं असं." केवढा सभ्य वाटलो होतो मी स्वतःला! गाडी टो करून नेली, नवं चेंबर बसलं. माझ्यापुरता विषय संपला.

मामांचा संपला नाही. त्यानंतर ते त्या गाडीत बसेनात. आमच्याकडं आले तर एसटीनं, गेले तर एसटीनं. "सोडतो की" म्हटलं, तर "एसटी हाय की." बायकोला फोनवर हळूच विचारायचे, "गळत न्हाय न्हवं?" ती हसून मला सांगायची आणि मीही हसायचो. म्हाताऱ्या माणसाची खोड, एवढंच वाटायचं.

मग चैत्रात, यात्रेच्या गर्दीत, आमच्याकडून परत जाताना धाराशिवच्या स्टँडवर त्यांना भोवळ आली. कुणीतरी फोन केला, मी धावत गेलो. पाणी पिऊन जरा सावरले, तर म्हणतात कसे, "यील आता एसटी. तुम्ही जावा."

माझा तोल सुटला. भर स्टँडवर मी ओरडलो. "बास झालं, मामा! अक्कल गहाण ठेवलीय का? एका नटापायी जीव द्यायचाय? वाट लावली तुम्ही माझ्या गाडीची, लावली ना? मग आता गप बसा तिच्यात!"

लोक बघत होते. जीभ चावली तोवर उशीर झाला होता. सासऱ्याला असं कोण बोलतं? पण मामांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू होतं. "लेकानं त्याच दिशी शिव्या दिल्या असत्या, आन् मिटलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही हरकत न्हाय म्हणला. मंग म्या कुणाला माफी मागू?"

आणि ते स्वतः उठून पुढच्या सीटवर बसले. वाटेत काच खाली करून, कान देऊन बराच वेळ ऐकत राहिले. येडशी मागं पडल्यावर म्हणाले, "इंजनाचा आवाज बरा हाय की."

आवाज पहिल्यापासूनच बरा होता. तो त्यांना ऐकू येऊ नये, अशी व्यवस्था माझ्या चांगुलपणानं केली होती. चार वाक्यं रागावून बोलायला मी एवढा वेळ लावला.

पावसाळ्यात मामा गेले. माझ्या गाडीत ते बसले ते तेवढेच, येरमाळ्यापर्यंत.