टीबीचा प्रकल्प आणि कुलपातली पुस्तकं

नववीत विज्ञानाच्या बाईंनी आजारांचे विषय हजेरीच्या क्रमाने वाटले. मलेरिया, विषमज्वर, कावीळ, कॉलरा. माझ्या वाट्याला क्षयरोग आला. बाईंनी तो मुद्दाम दिलेला नव्हता. माझ्या आईला टीबी झालाय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. आम्ही घरातले तिघं आणि दवाखान्यातली माणसं सोडली, तर ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही यवतमाळकडचे. मी पाचवीत असताना पुण्यात आलो. वडील खराडीला एका आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीत होते आणि आई तिथल्याच एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. खराडीत तेव्हा दर दोन-चार महिन्यांनी एक नवी काचेची इमारत उभी राहायची. त्या इमारतींच्या पाठीमागे, अजून कोणी विकत न घेतलेल्या तुकड्यावर, आमच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. आईचा खोकला दिवाळीपासून जात नव्हता. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि सहा महिन्यांचं औषध सुरू झालं. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं आणि सिस्टरच्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या.

वडिलांनी त्याच दिवशी आईचं ताट, वाटी आणि पेला वेगळा काढला. ती दारापाशी बसून जेवायला लागली. मला बजावलं, "शाळेत कोणाजवळ बोलायचं नाही. कँटीनमंदी समजलं का हिचं काम गेलं." वडील वाईट नव्हते. घाबरलेले होते, एवढंच.

बाकीच्या मुलींचे प्रकल्प दोन दिवसांत तयार झाले. अप्पा बळवंत चौकात आजारांचे छापील तक्ते मिळत. तेच कापून कार्डशीटवर डकवायचे, खाली लक्षणं, कारणं, उपाय लिहायचे, वर स्केचपेनने नक्षी. मीही रविवारी बसने जाऊन एक तक्ता आणला. गुलाबी फुप्फुसं, एक खोकणारा म्हातारा, आणि तळाशी एक ओळ : रोग्याची भांडी वेगळी ठेवावीत.

ती ओळ वाचली आणि मला आईचं दारापाशी बसणं दिसलं. मंगळवारी आईबरोबर दवाखान्यात गेले आणि सिस्टरना सरळ विचारलं, "भांड्यांमुळे टीबी होतो का?"

"कोण म्हणालं?"

"तक्ता म्हणाला."

सिस्टर हसल्या. "भांड्यांनी होत नाही गं. खोकल्यातून, हवेतून होतो. खोकताना तोंडावर पदर धरायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. तुझी आई सगळं नीट करते. तिचं ताट कशाला वेगळं करता?"

त्या दिवशी संध्याकाळी मी आईच्या ताटात जेवायला बसले. वडिलांनी "ऊठ" म्हटलं. मी उठले नाही. त्यांनी परत म्हटलं, आवाज चढवून. मी घास तोंडात घातला. आईच मला हाताने ढकलत होती, "काहून बापाच्या तोंडी लागतं?" म्हणत होती, पण मी ते ताट सोडलं नाही. वडील न जेवता ड्यूटीवर गेले. चार दिवसांनी त्यांनी स्वतः जाऊन सिस्टरना विचारलं आणि आल्यावर आईचा पेला आमच्या पेल्यांत ठेवून दिला.

मग मी ठरवलं, प्रकल्प तक्त्यावरून करायचा नाही. मी आईची मुलाखत घेतली. ती भांडी घासत होती आणि मी वही घेऊन शेजारी बसले होते.

"सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?"

आईने हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "औषधाच्या पयल्या दिवशी लघवी लाल झाली. मले वाटलं रगतच चाललं. दोन दिवस कोनाले सांगतलं नाही. मग सिस्टर म्हने, गोळीचा रंग हाय तो, भिऊ नोको."

"हे तर विज्ञानाच्या पुस्तकात नाहीच."

"मंग लिही तू. पुस्तकात काहून नाही? दुसरी एखादी बाई दोन दिवस तरी भिनार नाही. पण माह्यं नाव नोको टाकू."

मी नाव टाकलं नाही. 'एका रुग्णाची मुलाखत' असा मथळा देऊन ते सातव्या पानावर लिहिलं.

बाईंनी फाइल तपासली आणि मला शिक्षक खोलीत बोलावलं. "बाकी छान आहे. पण सातवं पान काढून टाक. लघवीबिघवी प्रकल्पात शोभत नाही."

"बाई, ती माहिती खरी आहे."

"खरं सगळंच लिहायचं नसतं. पान ठेवलंस तर गुण कापावे लागतील."

"कापा," मी म्हणाले.

मला आजही कळत नाही तो शब्द तोंडातून कसा निघाला. मी काही भांडखोर मुलगी नव्हते. माझ्या वऱ्हाडी बोलण्याला वर्गात हसत, म्हणून मी बहुतेक गप्पच असायचे. पण आईने मला एवढी एकच गोष्ट लिहायला सांगितली होती. ती मी काढणार नव्हते.

शनिवारी प्रत्येकीने वर्गासमोर प्रकल्प वाचायचा होता. मी सातव्या पानापर्यंत आले तेव्हा मागच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं. एक मुलगी म्हणाली, "ई, कोण आहे ही बाई?" बाईंनी तिला गप्प केलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"माझी आई आहे," मी म्हणाले.

खिदळणं थांबलं. मी उरलेलं सगळं वाचलं, फाइल बंद केली आणि जागेवर जाऊन बसले. शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर गेली.

सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आईला बोलावून घेतलं. आई कँटीनमधून तशीच आली. पिठाचे हात धुतलेले, पण कपाळावर पीठ राहिलेलं. मोठ्या बाईंनी तिला बसायला सांगितलं नाही. "दोन पालकांचे फोन आलेत मला. मुलीला महिनाभर घरी ठेवा. आणि हे तुम्ही शाळेपासून लपवलंत कशाला?"

मला वाटलं, आता आई माफी मागणार. ती सगळ्यांचीच मागायची. बसमध्ये कोणाचा पाय तिच्या पायावर पडला तरी तीच सॉरी म्हणायची. आईने पिशवीतून औषधाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर प्रत्येक गोळीच्या दिवशी सिस्टरची खूण होती, तोवरचं एकही घर रिकामं नव्हतं.

"तुमी आता जे करून रायले ना बाई, त्याच्याच भेवानं लपवलं," ती म्हणाली. "पोरीची तपासनी झाली, तिले काई नाही. डाक्टरचा कागद आनते मी. पन पोरगी घरी बसनार नाही."

तिने कार्ड उचललं आणि निघाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद आला. मी शाळेतच राहिले. बाकावर मात्र दीड महिना एकटी बसले. गुण कापले गेले ते वेगळंच.

पण ही फक्त जिंकल्याची गोष्ट म्हणून सांगितली तर ते खोटं होईल. माझ्या वर्गातल्या एका मुलीची मावशी त्याच कँटीनमध्ये होती. आठवड्याच्या आत आईला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आई रागावली नाही, पण तीन-चार दिवस ती पाठ करून निजून राहिली, आणि मला वाटलं, मी ते पान ठेवलं नसतं, वर्गात तोंड उघडलं नसतं तर! मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "माझी चूक झाली."

ती उठून बसली. "तुह्यी चूक नाही. तू खोटं बोलली का? मंग चूक ज्यानं मले कामावरून काढलं त्याची." आणि परत आडवी झाली.

सहा महिने पूर्ण झाले, थुंकी तपासली, काही निघालं नाही. मग आईने घरून डबे द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या फ्लॅटमध्ये राहणारी पाच सॉफ्टवेअरवाली मुलं. पहिल्याच दिवशी तिने त्या पाच जणांना सांगितलं, "मले टीबी झालता. आता बरा झाला. चालत असंन तर सांगा." वडील डोक्याला हात लावून बसले. पाचांपैकी तिघं परत आले नाहीत. दोघांनी डबा लावला, आणि त्यांच्या सांगण्यावरून पुढे बाकीचे आले.

दहावीत मराठीच्या सरांनी ग्रंथालय सप्ताहासाठी प्रकल्प सांगितला : माझे आवडते पुस्तक. सर सदाशिव पेठेतले. त्यांच्या तोंडून कौतुक ऐकल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. मी हात वर केला. "सर, मी बंदी असलेल्या पुस्तकांवर करू का?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? परवानगी असलेली सगळी वाचून झाली का?"

"नाही सर. पण ती मागितली की मिळतात. ही मिळत नाहीत."

"करा. आमचं काय जातंय."

माझ्या डोक्यात शाळेच्या ग्रंथालयातलं एक कपाट होतं. त्याच्या काचांना आतून खाकी कागद लावलेला आणि कायम कुलूप. मी ग्रंथपालांना विचारलं. ते निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते.

"त्यात पुस्तकं आहेत असं कोणी सांगितलं आपल्याला?"

"मग काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तो टीबीचा प्रकल्प तुझाच ना?" मी मान हलवली. ते खाली बघत म्हणाले, "माझ्या मोठ्या बहिणीला होता. लग्न जमेना म्हणून आम्ही सांगायचो, ती मावशीकडे शिकायला गेली आहे. चार वर्षं शिकत होती ती." मग त्यांनी खणातून किल्ली काढली.

कपाटात साठेक पुस्तकं होती. बाहेर न्यायची नाहीत, नावं लिहायची नाहीत, या अटीवर त्यांनी मला मधल्या सुट्टीत तिथे बसू दिलं. प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी होती. मी नावं लिहिली नाहीत. चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. 'मुलींना देऊ नये.' 'पालकांची तक्रार.' 'देवाविषयी वावगे.' 'भाषा ग्राम्य.' स्त्रियांच्या आरोग्यावरची एक साधी पुस्तिका होती, तिच्यात 'चित्रे' एवढाच शब्द. आणि एका पुस्तकात 'पाने सुटली आहेत, शिवून घेणे.' ते बिचारं बायंडिंगसाठी ठेवलेलं, पण एकदा त्या कपाटात गेल्यावर बाहेर काढायची हिंमत कोणी केली नव्हती.

शिवाय मी आमच्या वस्तीत आणि वर्गात विचारत हिंडले : तुम्हाला कुठलं पुस्तक वाचायला घरून बंदी आहे? एकीची कादंबरी भावाने फाडली होती. एकीला दुसऱ्या धर्माबद्दलचं काही आणायची बंदी होती. एका काकूंना नवरा वर्तमानपत्रसुद्धा स्वतःचं वाचून झाल्यावरच द्यायचा, तेही शब्दकोडं सोडवून. सरकारने घातलेली बंदी मला एकाही घरात सापडली नाही. सगळी घरातलीच होती. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी हेच वाक्य लिहिलं.

मोठ्या बाईंनी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फाइली चाळल्या आणि माझी बाजूला ठेवली. "ही मांडायची नाही. पुन्हा तूच का गं?"

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात टेबलांवर चाळीसेक फाइली मांडल्या होत्या. मी माझी उघडून हातात धरली आणि सभागृहाच्या दाराबाहेर व्हरांड्यात उभी राहिले. येणारे-जाणारे वाकून बघायला लागले. मराठीचे सर आले.

"काय चाललंय?"

"प्रदर्शन, सर."

त्यांनी फाइल घेतली आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचली. शेवटची काही पानं तर दोनदा. मग शेजारच्या वर्गात जाऊन एक बाक ओढत बाहेर आणला. "उभ्याने वाचायला लोकांना त्रास होतो. यावर ठेवा." आणि निघून गेले.

दुपारी डबे पोचवून आई आली. तिला वाचायला वेळ लागायचा. ओळीखाली बोट धरून ती एकेक उत्तर वाचत होती. व्हरांड्यात गर्दी होती, तरी तिने घाई केली नाही. शेवटी वर बघून म्हणाली, "सगळ्या बाया हायेत. मी काहून नाही?"

"तुझ्यावर कुठल्या पुस्तकाची बंदी होती?"

"पेन दे."

तिने पदर सावरला, बाकावर बसली आणि जोर देऊन एकेक अक्षर काढत लिहिलं : 'तिसरी नंतर सगळेच पुस्तकं.' खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

ती गेल्यावर मोठ्या बाई फेरीवर आल्या. व्हरांड्यातला बाक, फाइल आणि भोवतीच्या मुली बघून त्यांचा चेहरा कठोर झाला, पण आठ-दहा पालक उभे होते, त्यामुळे त्या काही बोलू शकल्या नाहीत. त्यांनी उघड्या पानावर नजर टाकली.

"हे कोणाचं अक्षर?"

"माझ्या आईचं."

"'सगळीच' पाहिजे. 'सगळेच' चूक आहे. नीट करून ठेव."

"आमच्याकडे 'सगळेच' म्हणतात, बाई," मी म्हणाले. "तसंच राहील ते."