विजयामावशींचा फ्रीझर

विजयामावशींच्या घरी दोन फ्रीझर होते, दोन्ही गच्च भरलेले, आणि तरी घरात खायला काही नसायचं. एक स्वयंपाकघरात, दुसरा खाली बेसमेंटमध्ये, ट्रंकेसारखा आडवा. त्यात मागच्या दिवाळीची बालुशाही असे, कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे लाडू असत, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या पुरणपोळ्या असत. काही गोडधोड घरात आलं की मावशी ते पिशवीत बांधून खाली पाठवायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, आज ताजं आहे, आजच खाऊ या की." तर म्हणाल्या, "राहू दे नं. कोणी आलं तर?"

कोणी येत नसे. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी अनघा सॉफ्टवेअरच्या नोकरीत, रेडमंडला, म्हणजे अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला. बरोबरीच्या बायका कुणी फ्लोरिडाला गेलेल्या, कुणी मुलांकडे राहायला गेलेल्या, कुणी कायमच्याच गेलेल्या. ती बालुशाही शेवटी आम्ही दोघीच खायचो, आणि तोवर तिच्यात बालुशाहीचं काही उरलेलं नसायचं. त्या फ्रीझरमधल्या सगळ्या जिनसांना शेवटी एकच चव यायची.

मी त्यांच्याकडे कामाला होते. स्वयंपाक, औषधं, डॉक्टरकडे ने-आण. माझं शिक्षण सातवीपर्यंत. गाव कोल्हापूरच्या बाजूचं, उसाचं. लग्न होऊन नवऱ्याच्या मागे इथे आले, तो जवळच्या आयसेलिनमध्ये हॉटेलात आचारी. मला इंग्रजीची इतकी धास्ती होती की दुकानात कुणी 'हाय' म्हटलं तरी छातीत धडधडायचं. मावशींनी मला ड्राइव्ह करायला शिकवलं. सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूचे प्रश्न स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, भाजी चिरता चिरता पाठ करून घेतले. मी अडखळले की म्हणायच्या, "घाबरून काऊन राहिली वं? तो साहेब काय खाणार आहे तुला?" त्या नागपूरच्या. इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांचं 'नं' आणि 'बाप्पा' गेलं नव्हतं. मी पास झाले, निळा पासपोर्ट घरी आला, तेव्हा त्यांनी लाडू मागवले. अर्धे खाली गेले.

त्यांची नोकरी कसली होती हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. त्या चव करायच्या कारखान्यात केमिस्ट होत्या. इथे न्यूजर्सीत असे कारखाने आहेत. बिस्किटात, दुधाच्या पावडरीत, खोकल्याच्या औषधात जी चव असते, ती तिथे बाटलीत तयार होते. मावशींचं खातं चॉकलेटचं. "आयुष्यभर नकली चॉकलेट केलं बघ मी," त्या सांगायच्या. "कोकोचा कण नाही आणि वास असा की पोरं वेडी होतील." तयार झालेली चव चाखायला माणसं बसवत. एकेकाला आडोसा केलेल्या खणात बसवायचं, वर लाल दिवा लावायचा, म्हणजे रंग बघून जीभ फसायला नको. आणि तिथे 'छान' म्हणायला बंदी होती. छान लिहिलं की मावशी कागद परत करायच्या. "छान म्हणजे काय? छान तर सगळंच असतं. जिभेवर काय झालं ते सांगा."

हे वेड त्यांनी घरीही आणलं होतं. आमटी कशी झाली, असं मी विचारलं की त्या कधी चांगली-वाईट म्हणत नसत. "चिंच आधी येते, मग गूळ पळत पळत मागून येतो," असं काहीतरी म्हणायच्या. मी मनात म्हणायचे, बाई नुसती जेवतसुद्धा नाही.

मग त्यांना घास गिळताना टोचायला लागलं. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. डॉक्टर बराच वेळ बोलत होता. रेडिएशन, किती आठवडे, अन्नासाठी पोटातून नळी घालावी लागेल कदाचित. मी कोपऱ्यात बसून शब्द पकडत होते. मावशींनी एकच प्रश्न विचारला, "माझी चव?" थोडी परत येईल, डॉक्टर म्हणाला, काहींना येते. काहींना नाही.

परतताना मी ड्राइव्ह करत होते. झाडांची पानं गळून रस्त्याच्या कडेला ओली पडली होती. घरासमोर गाडी थांबली तेव्हा मावशी म्हणाल्या, "सुरेखा, तुझा पासपोर्ट कपाटात नुसताच पडून आहे नं? फ्रान्सला जाऊ. तिथल्या चॉकलेटच्या दुकानांत. एकदा खऱ्याच्या दारात जाऊन येऊ."

रेडिएशन सुरू व्हायच्या आधी मध्ये थोडे दिवस होते. डॉक्टर कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही. नाही म्हणाली ती अनघा. फोन स्पीकरवर होता.

"आई, दिस इज क्रेझी. ट्रीटमेंट होऊ दे, समरमध्ये आपण दोघी जाऊ. प्रॉमिस."

"समरमध्ये मी काय नुसत्या दुकानांच्या काचा बघू? काचा इथल्या मॉलमध्येही आहेत."

"मला आत्ता लीव्ह मिळणार नाही, यू नो दॅट."

"मी कुठं म्हणून राहिली की तू ये? सुरेखा येते."

मग अनघा मला म्हणाली, "सुरेखाताई, प्लीज टेक केअर ऑफ हर." तिकिटं तिनेच काढली.

विमानात मला झोप नव्हती. नवा पासपोर्ट खोटा ठरवला तर? परत येताना आत घेतलंच नाही तर? मी तो ब्लाउजच्या आत ठेवला होता. मावशींच्या ते लक्षात आलं. "अगं, तिथं कुठं ठेवला? आता तो साहेब मागेल तेव्हा काय करशील?" म्हणाल्या आणि खूप दिवसांनी हसल्या. हसताना घसा दुखला म्हणून लगेच थांबल्या.

पॅरिसमध्ये आभाळ भरलेलंच होतं. पावसाची बुरबुर संपत नव्हती. मावशी माझ्या दंडाला धरून चालायच्या. चॉकलेटची दुकानं म्हणजे आमच्याकडची सराफाची दुकानं असतात तशी. काचेखाली एकेक वडी मांडलेली, पोरी हातमोजे घालून चिमट्याने उचलणार. मला आत पाय ठेवायची लाज वाटत होती, बूट ओले होते. मावशी मात्र तिथे वेगळ्याच झाल्या. पाठ ताठ. इंग्रजीत दोन प्रश्न विचारायच्या आणि ती पोरगी आतून मोठ्या बाईला बोलावून आणायची. दोन वड्या घ्यायच्या, एक त्यांना, एक मला. तोंडात टाकली की बोलायचं नाही. मग विचारायच्या, "कसं लागतंय?"

"छान," मी म्हटलं.

त्यांनी नुसतं बघितलं.

मला शाळा आठवली. बाईंनी उभं करून प्रश्न विचारला की जीभ टाळ्याला चिकटायची, तसंच झालं. केमिस्ट बाईंना मी काय सांगणार? पण तोंडात जे होतं ते ओळखीचं होतं. मी म्हटलं, "मावशी, गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला गूळ जरासा करपतो ना. आम्ही लहानपणी तो खरवडून खायचो. तसं."

मावशींनी डोळे मिटले. पुन्हा एकदा जीभ फिरवून पाहिली. "हव," त्या म्हणाल्या. "अस्सं बोल."

मग मला भीती वाटेनाशी झाली. एका दुकानातलं चॉकलेट कच्च्या जांभळासारखं जीभ ओढणारं होतं. एक पावसात भिजलेल्या गोणपाटासारखं लागलं. ते ऐकून मावशींनी ते आणखी एक मागितलं आणि म्हणाल्या, "बाप्पा, खरंच की!" माझं जन्मात कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

पण प्रत्येक दुकानातून निघताना त्या डबे घ्यायच्या. हा अनघाला. हा तिच्या ऑफिसातल्यांना. हा डॉक्टरला, हा शेजारच्या घराला. खाताना दोन वड्या आणि बांधून घेताना पिशवीभर. एका दुकानातली बाई हात हलवून हलवून काही सांगत होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "ताजी साय घातलेली आहे, लवकर खा, फ्रीजमध्ये ठेवू नका, असं म्हणून राहिली."

"मग?"

"मग काय? आपल्याकडे फ्रीझर आहे."

"पण मावशी, तुम्हाला तर सगळं कळतं यातलं. चव जाईल की."

"कळतं गं," त्या म्हणाल्या. "पण कोणी आलं तर?"

शेवटच्या दिवशी एका दुकानात आम्ही गरम चॉकलेट मागवलं. पहिल्याच घोटाला मावशींना ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, तोंडातलं सगळं रुमालात आलं, त्यात लाल दिसत होतं. आजूबाजूची माणसं वळून पाहत होती. मला ना तिथली भाषा येत होती, ना रस्ता माहीत होता. मी त्यांची पाठ चोळत रडायला लागले. थोड्या वेळाने त्यांना श्वास आला. म्हणाल्या, "रडू नको. मेली असती तरी परतीचं तिकीट पर्समध्येच आहे." मग त्या कपाकडे पाहत बसल्या. तो भरलेलाच होता. "तू पी," म्हणाल्या. "वाया नको जायला." मी प्यायले. त्यांनी कसं लागतंय ते विचारलं नाही.

घरी आल्यावर सगळे डबे बेसमेंटमध्ये गेले. अनघाचा डबा टपालाने पाठवते म्हटलं तर नाही म्हणाल्या, "ती येईल तेव्हा खाईल." अनघा दोनदा येऊन गेली, पण दोन्ही वेळा हॉस्पिटलमध्येच सगळे दिवस गेले. चॉकलेटचं कुणाला सुचणार? मावशींच्या तोंडात फोड आले होते. चव गेली ती हळूहळू नाही गेली, एका आठवड्यात गेली. वरणभात तोंडात घेऊन म्हणाल्या, "ओला कागद." दुसऱ्या दिवशी लापशी. "ओला कागद." मग नळी बसली आणि तेही विचारायचं राहिलं नाही.

बाहेर बर्फ पडून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी त्यांनी मला खाली पाठवलं. "एक डबा आण. तू खा, मला सांग."

आजाऱ्यासमोर खाऊ नये असं आमच्याकडे शिकवतात. त्यातून ज्याला खाता येत नाही त्याच्यासमोर तर नाहीच. मी म्हटलं, "मावशी, मला नाही व्हायचं ते."

"माझ्या जिभेचं काम आता तू कर," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा.

डबा उघडला. वड्यांवर पांढुरकं आलं होतं. मी सांगितलं. म्हणाल्या, "बुरशी नाही ती. चरबी वर येते. खा." मी खाल्लं. सांगितलं, आधी कडू, मग खरवडलेल्या गुळासारखं. "पॅरिसला होतं तसंच आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हव." माझ्या तोंडून त्यांचा शब्द ऐकून त्यांचा चेहरा जरा हलला.

रोज दुपारी एक वडी. मी खायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. कधी गोणपाट, कधी जांभूळ. सांगायचं संपलं की मी गावचं सांगायचे, गुऱ्हाळाचा धूर, उसाच्या चिपाडांचा वास. गिळायला त्यांना काहीच नसायचं, पण त्यांचा घसा हलायचा.

हिवाळा सरता सरता न्यूमोनियाने त्या गेल्या. अनघा आदल्या दिवशी पोचली होती.

त्यानंतर घर भरलं. मला कळेना इतकी माणसं होती कुठे. फ्लोरिडाच्या बायका आल्या, जुन्या कारखान्यातली माणसं आली, काकांच्या ओळखीचे आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या. मी दारात चपला सरळ करत होते आणि मला एकच ऐकू येत होतं, कोणी आलं तर, कोणी आलं तर.

सुतकात घरात गोड होत नाही. दिवस झाल्यावर सगळ्यांनी मिळून गोड खायचं, मग घर पुन्हा रीतीला लागतं. अनघाला हे नीट माहीत नव्हतं. तिने विचारलं, "सुरेखाताई, स्वीट काय करायचं असतं? आपण ऑर्डर करू या?" मी तिला बेसमेंटमध्ये नेलं आणि झाकण उघडलं. ती त्या डब्यांकडे बघतच राहिली. सगळ्यात वर तिचा होता.

ताटं वाढली तेव्हा प्रत्येकाच्या पानात मी एक वडी ठेवली. लोक खात होते. "छान आहे हं," असं इकडून तिकडून ऐकू येत होतं. फ्रान्सचं आहे, विजयाने स्वतः आणलेलं, असं एकमेकांना सांगत होते. तिथे कुणाला काय विचारणार?

माणसं गेल्यावर अनघा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिचा डबा तिने तेव्हा उघडला. एक वडी तोंडात टाकली.

"छान आहे," ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं. "छान म्हणजे काय?"

तिने चमकून वर पाहिलं. मला वाटलं चिडली. मी कामाला असलेली बाई, आणि आजच्या दिवशी हे काय बोलले? पण ती तोंडातली वडी इकडून तिकडे फिरवत राहिली, अगदी मावशी करायच्या तशी.

"फ्रीझर," ती हळूच म्हणाली. "इट टेस्ट्स लाइक द फ्रीझर. शाळेतून आले की आई खालून काहीतरी आणून द्यायची ना, लाडू, बर्थडेचा केक, व्हॉटेव्हर. सगळं असंच लागायचं."

मी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. तिने तो घेतला नाही. तो तुकडा ती कितीतरी वेळ गिळेना.