दार असलेलं पॅनेल

सलिल खांबेटे यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. शेजाऱ्यांचं मांजर, मेव्हण्याची बंद पडलेली स्कूटर, ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमाची तिकिटं, सगळं शेवटी कोथरूडला त्यांच्याच घरी येऊन पडायचं. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडाला जीभ आहे, ती फक्त चहासाठी."

एका धर्मादाय रुग्णालयात ते नेटवर्कचं काम बघत. तळमजल्यावर काढलेले एक्स-रे नि स्कॅन नव्या इमारतीतल्या आयसीयूच्या पडद्यावर पोचले पाहिजेत, एवढंच काम. पोचले की कुणाला खांबेटे आठवत नसत. अडकले की सगळ्यांना आठवत.

यंदा नेटवर्कसाठी नवी खोली बांधली आणि तिच्यासाठी फायबरचं पॅच पॅनेल निवडायचं काम त्यांच्याकडे आलं. इमारतीभर फिरून आलेल्या काचेच्या बारीक तारा ज्या पत्र्याच्या पेटीत येऊन आपापल्या खाचेत बसतात आणि तिथून पुढे यंत्रांना जोडल्या जातात, ती ही पेटी. दुसऱ्या कुणी ती दुपारभरात निवडली असती. खांबेट्यांनी आख्खा श्रावण घालवला.

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने तीन नमुने समोर मांडले. एक पुढून उघडं. दुसरं टेबलाच्या खणासारखं बाहेर ओढायचं. तिसऱ्याला पुढे पत्र्याचं दार आणि दाराला कुलूप.

"साहेब, तुमच्या खोलीलाच कुलूप आहे ना? मग हे दारवालं कशाला? उघडं घ्या. हात पटकन जातो."

हात पटकन जातो, हीच तर पंचाईत होती. पण ते दुकानदाराला कोणत्या तोंडाने सांगणार?

तो हात सरोजिनीकाकूंचा होता. रुग्णालय ज्यांनी उभं केलं त्या डॉक्टरांच्या पत्नी. आता ऐंशीच्या पुढच्या. खंडेनवमीला रुग्णालयातल्या यंत्रांची पूजा डॉक्टर स्वतः करत. ते अचानक गेले, आणि त्या वर्षी ताट कुणीच उचलेना. तेव्हा चाळिशीतल्या काकू पुढे झाल्या, आणि पांढऱ्या कपाळाच्या बाईने एक्स-रे मशीनला हळदकुंकू वाहिलं. कुजबुज भरपूर झाली. पुण्यात तिला काय तोटा! पण काकूंनी ताट सोडलं नाही. वर्षातून त्या एका दिवशी त्यांची बोटं चारचौघांत कुंकवात बुडत. अंगावर मात्र त्यांनी ते कधी घेतलं नाही.

गेल्या वर्षी त्या जिन्याखालच्या जुन्या नेटवर्कच्या खोलीतही आल्या. तिथलं पॅनेल उघडं. काकूंनी रिकाम्या खाचांवर हळदकुंकू वाहिलं आणि पुढच्या नाजूक तारांवर झेंडूचा घसघशीत हार चढवला. फायबर जास्त वाकलं की आतला प्रकाश पुढे जात नाही. दुपारी आयसीयूचे पडदे कोरे झाले आणि वॉर्डबॉय फिल्म घेऊन जिने चढत बसले. खांबेट्यांनी हार उतरवला, खाचा पुसल्या, आणि कारण विचारल्यावर "कनेक्टर सैल झाला" असं सांगून मोकळे झाले.

व्यवस्थापिका स्पृहा मॅडम तरुण, हुशार आणि जिभेला धार. त्या म्हणाल्या, "खांबेटे, पुन्हा सणाच्या दिवशी बंद पडलं, तर तुमच्या जागी दुसरा माणूस बोलवावा लागेल. कायमचा."

आता पन्नाशीला टेकलेल्या माणसाने नवी नोकरी कुठे शोधायची? आणि काकूंना जाऊन "तुम्ही हात लावू नका" असं तरी कसं म्हणायचं? खांबेटे दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी खाऊन आणि लोणच्याची बरणी घेऊन परत आले. शेवटी त्यांनी दारवालं पॅनेल मागवलं.

"दार कशाला?" स्पृहा मॅडमनी विचारलं. "चोर येणार आहेत?"

"धुळीसाठी," खांबेटे म्हणाले.

खंडेनवमीला काकू नव्या खोलीत आल्या. चप्पल बाहेर, हातात ताट. त्यांनी पॅनेलकडे पाहिलं, दाराला हात लावून पाहिला, मग खांबेट्यांकडे वळल्या.

"हे दार काय रे, सलिल?"

"धुळीसाठी, काकू. आत धूळ गेली की बिघडतं."

काकूंनी आपल्या कुंकवाच्या बोटांकडे पाहिलं. "ही धूळ ना?"

खांबेट्यांना जमीन दुभंगावी असं वाटलं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर कसं? ते खिशातली किल्ली चाचपडत राहिले.

"डॉक्टर गेले त्या संक्रांतीला जावेने हळदीकुंकू ठेवलं होतं," काकू शांतपणे म्हणाल्या. "बायका यायच्या आधी तिने मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. स्वभावाने चांगली होती ती. मला वाईट वाटू नये म्हणूनच ओढलं. कुणी काही बोललं नाही. तूही स्वभावाने चांगला आहेस."

"काकू, तसं नाही हो..." खांबेट्यांनी घाईघाईने कुलूप उघडलं. "हे बघा, उघडलं. वाहा. हारसुद्धा घाला."

"नको. गेल्या वर्षीचं मला कळलंय. सिस्टर बोलल्या. माझ्यापायी तू बोलणी खाल्लीस." काकूंनी ताट खुर्चीवर ठेवलं. "अरे, मला सांगायचं होतंस. काकू, हार खाली जमिनीवर ठेवा, कुंकू दुरून वाहा, एवढंच. मी काय ऐकलं नसतं? माझ्या घरी येऊन खिचडी खाऊन गेलास, तेव्हा तरी बोलायचंस."

त्यांनी पदराच्या टोकाला बोटं पुसली. पांढऱ्या पदरावर लाल डाग उमटला. "पुढच्या वर्षीपासून पूजा तू करत जा," म्हणून त्या चपला घालून निघाल्या. खांबेटे "काकू, काकू" करत लिफ्टपर्यंत गेले.

त्या दिवशी आयसीयूचा एकही पडदा कोरा झाला नाही. संध्याकाळी स्पृहा मॅडम खोलीत डोकावल्या. त्या कुणाचं कौतुक फारसं करत नसत.

"पॅनेल चांगलं निवडलंत, खांबेटे. बघा, कुठे एक डागसुद्धा नाही."

"हो," खांबेटे म्हणाले.